सहा महिनेच का?
क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या की लघवी नारिंगी होते. तो रिफाम्पिसिनचा रंग, अगदी निरुपद्रवी. पण आधी कोणी सांगितलं नसेल तर रक्तच जातंय असं वाटून माणूस गोळ्या बंद करतो. दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस येतं; मग सहा महिने कशाला, असं वाटणारच. सुस्त पडून राहिलेले जंतू सावकाश मरतात, औषध मध्येच सोडलं तर आजार उलटतो आणि पुढे तीच औषधं लागू पडेनाशी होऊ शकतात, हे सांगायला कितीसा वेळ लागतो? ओपीडीबाहेरची रांग, डॉक्टरांची दमछाक मला दिसते. तरी ‘सांगतोय तेवढं करा’ म्हणून पेशंटला वाटेला लावणं मला अर्धवट उपचारच वाटतं. त्याची हरकत नसेल तर सोबतच्या घरच्यांनाही हे ऐकवावं. रोज गोळीची आठवण तेच करून देणार असतात.