मानधनाचा रकाना

मार्च 2023 मध्ये मालाड पूर्वेच्या आप्पापाड्यात आग लागली तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती. एका संध्याकाळी शेकडो झोपड्या गेल्या. पुढच्या दिवसांत मदत आली: तयार जेवण, चादरी, भांडी, वह्या-पुस्तके. अशा वेळी मुंबई हात आखडता घेत नाही आणि त्याबद्दल या शहराचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण जळालेले रेशनकार्ड, आधार, शाळेचा दाखला, जुनी वीजबिले हे सगळे पुन्हा उभे करायला महिने लागतात. रेशनिंग ऑफिसचा फॉर्म, बोरिवली तहसीलचा पंचनामा, प्रतिज्ञापत्र, शाळेचे पत्र. नाक्यावर काम शोधणारा माणूस या खिडक्यांपुढे चार दिवस उभा राहिला की चार दिवसांची मजुरी बुडते. वस्तीत कागद ओळखणारी, कुठल्या टेबलावर काय अडले आहे ते लक्षात ठेवणारी, चाळीस घरांच्या वतीने खेपा घालणारी एक बाई असली, तर ही घरे सहा महिने आधी मार्गी लागतात. चादरींना देणगीदार मिळतो. या बाईच्या मानधनाला मिळत नाही.

वस्तीपातळीवरच्या छोट्या अनुदानांविषयी आम्हाला या अंकात एवढीच एक गोष्ट सांगायची आहे. पंचवीस हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंतची ही रक्कम असते. कधी ती एखाद्या ट्रस्टकडून येते, कधी कंपनीच्या सीएसआरमधून म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून, कधी महापालिकेच्या योजनेतून. ती जवळजवळ नेहमी वस्तूंवर खर्च करायला दिली जाते. शिलाई यंत्रे, कचऱ्याचे डबे, अभ्यासिकेची कपाटे, संगणक, आणि उद्घाटनाचा बॅनर. वस्तूचा फोटो निघतो, बिल मिळते, ऑडिटरला ती मोजता येते. माणसाचा पगार म्हटला की निधी देणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते आणि प्रपोजलमधला तो रकाना सर्वांत आधी छाटला जातो. अभ्यासिकेचे कुलूप रोज संध्याकाळी सहाला कोण उघडणार, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मग वर्षभराने कपाटे शाबूत असतात आणि अभ्यासिका बंद असते.

आप्पापाड्याजवळचा दिंडोशीचा परिसर या बाबतीत शिकण्यासारखा आहे, कारण इथे वस्तीकामाचा काल आणि आज शेजारीशेजारी दिसतात. नागरी निवारा परिषदेची सहा हजारांहून अधिक घरांची वसाहत इथेच आहे. मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 च्या कमाल नागरी जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन, सरकारदरबारी आणि न्यायालयात वर्षानुवर्षे झगडून, सामान्य पगारदारांसाठी ती जमीन मिळवली. घरांचे पैसे सभासदांनी भरले. पण त्याआधीची धावपळ, बैठका, अर्ज, तारखा यांचा खर्च कुठल्याच प्रकल्प अहवालात नसतो. तो त्या काळच्या चळवळीने, तिच्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांनी आणि त्यांचा संसार पेलणाऱ्या कुटुंबांनी उचलला होता. त्या पिढीविषयी आम्हाला नितांत आदर आहे. तरीही त्या त्यागावरून आजचा नियम काढणे चूक आहे. आज कुरार, संतोषनगर, पिंपरीपाडा, आप्पापाडा इथे वस्तीचे काम करणारी बहुतेक माणसे बायका आहेत. सकाळी गोकुळधामच्या इमारतींत चार घरची धुणीभांडी करून त्या दुपारी मंडळाच्या कामाला लागतात. त्यांच्याकडून ‘सेवाभाव’ मागणे म्हणजे त्यांचे एक घरकाम सोडायला सांगणे. समाजकार्याच्या व्यासपीठांवरून स्वयंसेवेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तरी मांडून पाहावा.

माणसाला पैसे देणारी एक सरकारी योजना मुंबईने चालवली आहे, आणि तिच्याविषयी आपल्या क्षेत्रात पुरेसे बोलले गेलेले नाही. महापालिकेची दत्तक वस्ती योजना 2001 च्या सुमारास सुरू झाली. त्याआधी, 1997 पासून, एएलएम म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापनाची कल्पना इमारतींच्या भागांत रुजली होती. घाटकोपरच्या जोशी लेनचे नाव त्यात पहिले घेतले जाते. एएलएमला अनुदान नव्हते आणि त्याची फारशी गरजही नव्हती, कारण सोसायट्या सफाई कामगाराचा पगार आपल्या देखभाल खर्चातून काढू शकत होत्या. झोपडपट्टीत ते जमणारे नव्हते. म्हणून दत्तक वस्तीत स्थानिक मंडळाला, महिला मंडळाला किंवा बेरोजगारांच्या संस्थेला लोकसंख्येच्या प्रमाणात अनुदान देऊन घरोघरचा कचरा आणि गल्लीतली गटारे यांची जबाबदारी दिली गेली. त्या पैशाचा मोठा वाटा वस्तीतल्याच स्वयंसेवकांच्या मानधनात जात असे. 2013 मध्ये योजनेचे नाव ‘स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान’ झाले.

या योजनेत दोष होते. मूळ आराखड्यात अनुदान वर्षागणिक उतरत जाणार आणि वस्ती घराघरातून वर्गणी काढून स्वावलंबी होणार, असे धरले होते. ज्या गल्लीत पाण्याचा हंडा विकत घ्यावा लागतो तिथे कचऱ्याच्या वर्गणीवर मानधन निघत नाही, हे कुणाही कार्यकर्त्याने पहिल्या दिवशी सांगितले असते. अनुदानाचा हप्ता रखडला की झाडणारी माणसे उसनवारीवर दिवस काढत. कागदावरची मंडळेही निघाली, स्थानिक पुढाऱ्यांच्या मर्जीतलीही निघाली. हे सगळे खरे आहे आणि त्यावर देखरेख हवीच होती. तरी ज्या गल्ल्यांत ही व्यवस्था नीट चालली तिथे गटार तुंबले तर कुणाच्या दारावर थाप मारायची हे लोकांना माहीत होते. ही ओळख कुठल्याही यंत्रणेला विकत घेता येत नाही. 2024 मध्ये महापालिकेने झोपडपट्ट्यांच्या स्वच्छतेसाठी चार वर्षांची, सुमारे 1,400 कोटी रुपयांची निविदा काढली, आणि बेरोजगारांच्या संस्थांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. कायद्याचा मुद्दा न्यायालयाचा. आमचा मुद्दा असा की छोटी अनुदाने नीट देता आली नाहीत म्हणून ती गुंडाळून एक मोठे कंत्राट काढणे, हा सुधारणेचा मार्ग नव्हे. कंत्राटदाराचा कामगार उद्या दुसऱ्या वॉर्डात पाठवला जाईल. मंडळाची बाई गल्लीतच राहणार आहे.

वस्तीतल्या शौचालयांची कथाही हेच सांगते. जागतिक बँकेच्या साहाय्याने 1995 पासून झालेल्या मुंबई मलनिस्सारण प्रकल्पात झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रम होता. इमारत महापालिकेने बांधायची, चालवायची वस्तीच्या नोंदणीकृत संस्थेने. सभासद होताना प्रौढ माणशी 100 रुपये, कुटुंबाला जास्तीत जास्त 500, आणि पुढे मासिक पास. या इमारतींच्या आराखड्यात एक फार शहाणपणाची गोष्ट होती: देखभाल करणाऱ्यासाठी खोली. अशा शौचालयाची जमाखर्चाची वही उघडून पाहावी. फिनेल, खराटे, वीजबिल, मोटरचे वाइंडिंग, टाकी उपसायची गाडी, आणि दर महिन्याला न चुकता एक मोठी रक्कम, राखणदाराचा पगार. पासचे पैसे कमी पडले की आधी खराट्याची खरेदी लांबते, मग मोटरची दुरुस्ती, आणि शेवटी राखणदार काम सोडतो. तो गेला की तीन आठवड्यांत कड्या तुटतात, दिवे जातात, आणि रात्री बायका तिथे जायचे टाळू लागतात. मग एखादा देणगीदार नव्या लाद्या बसवून देतो. त्याच पैशांत राखणदाराचा वर्षभराचा पगार झाला असता.

पगार देता येत नाही, कायदा आड येतो, असे सीएसआरचे अधिकारी सांगतात. यातले खरे किती ते आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावे, कारण समोरच्या टेबलावर हाच युक्तिवाद ऐकावा लागतो. सीएसआरच्या नियमांत प्रशासकीय खर्चाची मर्यादा 5 टक्के आहे. पण 2021 च्या दुरुस्तीत प्रशासकीय खर्चाची व्याख्याच दिली आहे: तो कंपनीच्या सीएसआर विभागाचा सर्वसाधारण व्यवस्थापन खर्च. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवर थेट होणारा खर्च त्यात येत नाही. म्हणजे अभ्यासिकेतल्या ताईचे मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे. परदेशी निधीच्या कायद्यात म्हणजे एफसीआरएत 2020 मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली, तिथेही शाळेचे शिक्षक आणि दवाखान्याचे डॉक्टर यांचे पगार या मर्यादेबाहेर आहेत. कायदा बोलतो त्यापेक्षा भीती जास्त बोलते.

2020 च्याच बदलाने केलेला दुसरा घाव मात्र खराखुरा आहे. एका एफसीआरए संस्थेने दुसऱ्या संस्थेला परदेशी निधी पुढे देण्यावर पूर्ण बंदी आली. कुरारच्या महिला मंडळाला स्वतःची एफसीआरए नोंदणी कधीच मिळणार नव्हती. मोठ्या संस्थेमार्फत मिळणारे लाख-दीड लाख हाच त्याचा मार्ग होता, तो बंद झाला. सीएसआरचे दारही त्याला उघडे नाही: आयकराच्या 12ए आणि 80जी नोंदण्या, सीएसआर-1 ची नोंदणी, आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. त्यात 7 मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे नगरसेवकच नसल्याने वॉर्डातल्या किरकोळ कामांसाठी हक्काने गाठायचा माणूसही उरला नाही.

मग उरतात ते शहरातले देशी ट्रस्ट आणि समुदाय प्रतिष्ठाने. अमेरिकेत क्लीव्हलंडला 1914 मध्ये पहिले समुदाय प्रतिष्ठान निघाले; गावातल्या अनेकांचा पैसा एकत्र ठेवून तो गावातल्याच कामांना द्यायचा, ही त्यामागची कल्पना. मुंबईत बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट 1991 पासून आहे. अशा ट्रस्टना परदेशी निधीच्या आणि सीएसआरच्या अटींचे ओझे नसते, त्यामुळे नोंदणी नसलेल्या मंडळाला जवळच्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातून पैसा देणे, तीन वर्षांची हमी देणे, हिशेब मराठीत आणि दोन पानांत मागणे हे सगळे त्यांना शक्य आहे. आम्ही त्यांना आग्रहाने सांगतो: निम्मी रक्कम मानधनासाठी राखून ठेवा आणि ती तिमाहीच्या सुरुवातीला द्या, शेवटी परतफेड म्हणून नको. ज्या मंडळाच्या खात्यात आठ हजार रुपये शिल्लक असतात, ते आधी खर्च करून मग बिले पाठवू शकत नाही.

माणसावर घातलेला पैसा कुठवर जातो याचे उदाहरण दूर शोधायला नको. साक्षरतेच्या कामासाठी 1989 मध्ये सुरू झालेल्या चेंबूरच्या कोरो संस्थेने वस्ती-गावांतल्या कार्यकर्त्यांसाठी फेलोशिप सुरू केली. डिग्री न मागता, दरमहा मानधन देऊन. त्या प्रक्रियेतून 2011 मध्ये ‘राईट टू पी’ची मोहीम उभी राहिली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा भेद तिने महापालिकेपुढे ठेवला आणि स्त्रियांची स्वच्छतागृहे हा अर्थसंकल्पात चर्चेचा विषय झाला. या फेलोंना त्या रकमेच्या शिलाई यंत्रांचे वाटप केले असते तर यातले काय घडले असते?

कार्यकर्त्यांनाही एक सांगणे आहे. प्रपोजल लिहिताना मानधनाचा रकाना तुम्ही स्वतःच छोटा करता, ‘समन्वय’ किंवा ‘प्रवास’ या नावाखाली लपवता, कारण तो मागायचा संकोच वाटतो. लपवलेला खर्च ऑडिटमध्ये अडकतो आणि संशय वाढवतो. तो पहिल्या ओळीत लिहा: काम कोणते, रोजचे तास किती, दरमहा किती, बारा महिन्यांचे किती. वस्तीतली व्यक्ती असेल तर तसे स्पष्ट लिहा. निधी देणाऱ्याने ओळ कापली तर कारण लेखी मागा. वॉर्डातल्या समाजविकास अधिकाऱ्यांशी आणि घनकचरा विभागाशी बोलतानाही हाच आग्रह धरा: कंत्राट कुणालाही जावो, वस्तीत झाडणाऱ्या माणसांत तिथल्याच मंडळाची माणसे किती आणि त्यांना हातात किती पडते, हे करारनाम्यात असले पाहिजे.

गेल्या तीन वर्षांत कापल्या गेलेल्या मानधनाच्या ओळी आणि त्यांची लेखी कारणे आम्ही पुढच्या अंकांसाठी गोळा करत आहोत. संस्थेचे नाव छापले जाणार नाही. मार्चअखेरच्या घाईत निधीवाटपाच्या बैठका बसतात, त्याआधी ती कारणे त्या टेबलांवर पोहोचावीत असा प्रयत्न आहे. फोटोकॉपी पाठवली तरी चालेल.