सागवानी रंगाचं लाकूड

"अस्सल सागवानी आहे हं!" हे वाक्य आपल्या घरांत ज्या अभिमानाने उच्चारलं जातं, तो अभिमान मला कळतो. चंद्रपूर-आलापल्लीकडचा साग आहेच तसा. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीसुद्धा २०२३ साली बल्लारशाहूनच लाकूड गेलं. माझं भांडण सागाशी नाही. मिळेल ते स्वस्त लाकूड घ्यायचं, त्याला तपकिरी रंग पाजायचा आणि साग म्हणून दिवाणखान्यात उभं करायचं, ह्या उद्योगाशी आहे.

नातेवाईक मंडळी हे वाचतात आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरी असं एक तरी कपाट आहे, हे मला ठाऊक आहे. रागावलात तर सरळ फोन करा.

विषय निघाला भाचीच्या नव्या घरावरून. पलंग आणि कपाट घ्यायला आम्ही दुकानात गेलो. दुकानदार अर्धा तास "सागवान, सागवान" करत होता. बिलावर लाकडाचं नाव लिहा म्हटल्यावर त्याने लिहिलं, 'सॉलिड वुड, टीक फिनिश'. म्हणजे लाकूड भरीव आहे आणि रंग सागाचा आहे. लाकूड कशाचं, ते नाहीच! खोदून विचारल्यावर "रबरवुड आहे, पण दिसायला तेच ना" असं उत्तर आलं. किंमत मात्र सागाच्या जवळपासची होती.

आता हे "दिसायला तेच" जरा तपासू. सागाचा टिकाऊपणा त्याच्या रंगात नसतो, तो गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांत असतो. वाळवी त्या द्रव्यांमुळे लांब राहते. सागाच्याच खोडाचा बाहेरचा फिकट भाग घेतला, तर तोही किडीला बळी पडतो. कोवळ्या लागवडीच्या सागात हा फिकट भाग भरपूर असतो आणि त्यालाही रंग लावून गाभ्याच्या शेजारी बसवतात. (१९९०च्या दशकात सागाची रोपं लावून वीस वर्षांत श्रीमंत करणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती आठवतात? सागाचं नाव घेतलं की आपली बुद्धी कुठे जाते कोण जाणे.)

रबराचं झाड पंचवीस-तीस वर्षं चीक देऊन थकलं की तोडतात. पूर्वी केरळात ते सरपणालाच जायचं. कठीणपणात ते सागाच्या फार मागे नाही. पण त्यात स्टार्च भरपूर, म्हणून भुंगेरे आणि बुरशी त्यावर तुटून पडतात. कापल्या कापल्या बोरॉनची रसायनं मुरवून भट्टीत नीट वाळवलं तर त्याचं छान फर्निचर होतं. नाही केलं तर पलंगाखाली रोज पिठासारखी भुकटी पडते. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. नाव खोटं सांगितलं की विचारायचे प्रश्नही बदलतात. सागवान समजून घेणारा माणूस प्रक्रिया केली का, हे विचारतच नाही. भिंतीकडची कोरी फळी ओल धरते का, हेही बघत नाही. रंगाने नुसते डोळे फसत नाहीत, निगाही चुकते.

पाइनची गंमत तर आणखी वेगळी. त्याच्या फळीत मऊ फिकट पट्टे आणि कठीण गडद रेषा असतात. मऊ भाग रंग जास्त पितो, त्यामुळे गडद रेषा उजळ दिसतात आणि फिकट भाग काळवंडतो. जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखं. वर डाग पडतात ते निराळेच. एकदा हे बघायला शिकलात की लग्नाच्या हॉलमधल्या अर्ध्या खुर्च्या ओळखू येतात. जेवणावरचं लक्ष उडतं, हा तोटा आहे.

तुम्ही म्हणाल, मध्यमवर्गीयाने हौस करायचीच नाही का? जरूर करा. रंगाला माझी ना नाही. दोन सागाच्या फळ्यांचा रंग जुळवणारा, लाखेच्या पॉलिशचे हात कापसाच्या पुरचुंडीने संयमाने चढवणारा कारागीर खोटं बोलत नसतो. जॉन रस्किनने १८४९च्या 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर'मध्ये एका वस्तूला रंगवून दुसरी भासवण्यावर कडाडून टीका केली. पण इमारतीवरचा सोन्याचा मुलामा त्याने त्यातून वगळला, कारण भरीव सोनं आहे असं तिथे कुणी समजत नाही. आपल्या मावश्यांना हे रस्किन न वाचता कळतं. 'एक ग्रॅम सोन्याचे दागिने' अशी पाटी लावलेल्या दुकानातून त्या मजेत खरेदी करतात, कारण काय घेतोय ते पाटीवरच लिहिलेलं असतं. तोच हार सोनाराने सोन्याच्या भावात दिला तर ह्याच मावश्या त्याच्या दुकानापुढे ठिय्या देतील. लाकडाच्या बाबतीत मात्र "चालतं हो, लोकांना काय कळतंय!"

हे "लोकांना काय कळतंय" मला सगळ्यात जास्त खुपतं. ज्यांना आपण प्रेमाने घरी बोलावतो तेच ना हे लोक?

आणि ज्याला लपवतो ते लाकूड तरी काय वाईट आहे? जोधपूरहून आंब्याच्या लाकडाचं फर्निचर परदेशात जातं आणि तिथे ते 'मँगो वुड' ह्याच नावाने मिरवतं. हापूसचं कौतुक सांगताना न थकणारे आपण त्याच झाडाचं लाकूड घरात आणताना मात्र त्याला सागाचा मुखवटा चढवतो. फणसाचं पिवळं लाकूड वयानुसार काय सुंदर गडद होत जातं! कोकणातल्या जुन्या घरांत जाऊन बघा. त्यावर आज कुणी तपकिरी स्टेन ओतला तर मी त्याच्याशी आठवडाभर बोलणार नाही.

भाचीने दुकानातला पलंग घेतला नाही. एका सुताराकडून आंब्याचा करून घेतला, वर नुसतं पारदर्शक पॉलिश. कागदावर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय: 'आंबा. कीड लागू नये म्हणून औषध मारलेले. मागची बाजू पण पॉलिश.' तिच्या सासूबाईंना रंग जरा पिवळट वाटतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या तसं सांगतातही, आणि लगेच पुढे, "आंब्याचा आहे ना!"