दोस्ती सरपंचाशी की गावाशी?

‘बिनविरोध’ हा शब्द आपल्याकडे फार लाडका! ग्रामपंचायत बिनविरोध झाली की गुलाल उधळला जातो. पण आमच्या बोरीकडे (ता. जिंतूर) कुणालाही विचारा, बिनविरोध दोन प्रकारचं असतं. एक, सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. दुसरं, नियम एकानेच बदलले म्हणून बाकीचे बाहेर बसलेले.

शेजारच्या बांगलादेशात दुसरा प्रकार घडला. निवडणुकीच्या वेळी तटस्थ काळजीवाहू सरकार असायचं, ती पद्धत शेख हसीना यांच्या सरकारने २०११ मध्ये रद्द केली. विरोधी बीएनपीने बहिष्कार टाकला आणि जानेवारी २०१४ मध्ये ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध गेल्या. म्हणजे एकही मत पडण्याआधी निम्म्याहून जास्त पार्लमेंट तयार! २०१८ ला विरोधक लढले, तर मतपेट्या आदल्या रात्रीच भरल्याचे आरोप झाले. जानेवारी २०२४ ला पुन्हा बहिष्कार. अमेरिका म्हणाली, ही निवडणूक मुक्त आणि न्याय्य नव्हती. आपल्या पंतप्रधानांचा अभिनंदनाचा फोन मात्र दुसऱ्याच दिवशी गेला. आणि हे एका पक्षाचं धोरण नव्हे. २०१४ ला दिल्लीत यूपीए सरकार होतं, तेव्हाही अभिनंदनच झालं.

दिल्लीची बाजूही ऐकली पाहिजे. हसीना सरकारने उल्फाचे नेते आपल्या ताब्यात दिले. २०१५ मध्ये सीमेचा जुना वाद मिटला. ईशान्य भारतासाठी हे फायदे खरे आहेत, कुणी नाकारू नयेत. प्रश्न एवढाच, की सरपंचाशी दोस्ती करताना गाव आपल्याला काय म्हणतंय हे कोण बघणार?

मित्रांनो, अबरार फहाद हे नाव आपण होस्टेलवाल्यांनी तरी लक्षात ठेवायला हवं. ढाक्याच्या बुएट या इंजिनिअरिंग युनिव्हर्सिटीत तो सेकंड इयर इलेक्ट्रिकलला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये भारताशी झालेल्या करारांवर टीका करणारी पोस्ट त्याने फेसबुकवर टाकली. सत्ताधारी पक्षाच्या विद्यार्थी संघटनेच्या पोरांनी त्याला होस्टेलमध्येच मारून टाकलं. २०२१ मध्ये वीस जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. यात भारताचा हात नव्हता. पण भारतावर बोलायचं म्हणजे सरकारशी वैर, असं तिथल्या पोरांच्या मनात बसलं ते अशा घटनांमुळेच.

पुढे जुलै २०२४ मध्ये नोकऱ्यांतल्या कोट्यावरून विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला. यूएनच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अंदाजाने त्या आंदोलनात १,४०० पर्यंत माणसं मेली असावीत. आपण म्हणालो, हा त्यांचा अंतर्गत प्रश्न. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून पळाल्या आणि उतरल्या कुठे? दिल्लीजवळच्या हिंडन एअरबेसवर! त्यानंतर तिथल्या अल्पसंख्याकांवर हल्ले झाले, त्यांचा निषेधच करायला हवा आणि भारताने तो केलाही. पण दहा वर्षं गप्प बसलेल्याचं बोलणं मग कोण मनावर घेतो?

बरं, ‘अंतर्गत प्रश्न’ हा नियम तरी सगळ्यांना सारखा आहे का? २०१८ मध्ये मालदीवच्या यामीन यांनी इमर्जन्सी लावली, तेव्हा आपण उघड नाराजी व्यक्त केली. यामीन चीनकडे झुकलेले होते ना! फूटपट्टी एकच असावी, नाहीतर ती फूटपट्टी कसली?

सार्कचं तर विचारूच नका. वादग्रस्त विषय काढायचेच नाहीत, असं तिच्या सनदेतच लिहिलंय आणि २०१४ च्या काठमांडूनंतर पुढची अनेक वर्षं शिखर परिषद झाली नाही. तिकडे आफ्रिकेत गांबियाचे जामेह निवडणूक हरूनही खुर्ची सोडेनात, तेव्हा इकोवास या शेजारी देशांच्या संघटनेने सैन्य सीमेपार पाठवलं आणि जानेवारी २०१७ मध्ये त्यांना जावं लागलं. आपण सैन्य पाठवावं असं मी मुळीच म्हणत नाही. पण चार शेजाऱ्यांनी मिळून ‘निकाल नीट तपासा’ एवढं तरी म्हणायला काय हरकत होती?

कुणी म्हणेल, बोरीत बसून ढाक्याची काळजी कशाला? अहो, आपल्या परभणी जिल्ह्याचं पीक कापूस, आणि भारतीय कापसाचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश! एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी आपलं सूत जमिनीवरच्या सीमेवरून घेणं बंद केलं. मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे जमिनीच्या वाटेने येणं थांबवून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरांतून आणायला लावले. दिल्ली-ढाक्याचं बिनसलं की झळ अशी लांबवर पोचते.

१९७१ मध्ये सुमारे एक कोटी निर्वासितांना आपण आसरा दिला, तो लोकांना पाहून, नेत्याला पाहून नाही. तोच धडा पुरेसा आहे. अभिनंदनाची घाई नको, विरोधकांशीही बोलणं चालू ठेवा आणि फूटपट्टी एकच वापरा. सरपंच पाच-दहा वर्षांनी बदलतो, गाव शेजारीच राहतं. बघा पटतंय का!