सागरयात्रा आणि संसारी माणूस

मुंबईच्या विमानतळावरून निघालेला मनुष्य नऊ-दहा तासांत लंडनला उतरतो. जें अंतर तोडण्यास आमच्या पणजोबांच्या काळीं बोटीला सुमारें तीन आठवडे लागत, तें आतां दोन जेवणांच्या आंत संपतें. असें असतांना एका बंदरांतून निघावें, शंभर दिवस पृथ्वीप्रदक्षिणा करावी, पुन्हा त्याच बंदराच्या धक्क्यावर उतरावें, आणि एवढ्या अवधींत विमानाची पायरी म्हणून चढूं नये, असा प्रवास हजारों माणसें पदरचा पैसा खर्चून कां करतात, हा प्रश्न कोणाही व्यवहारी गृहस्थास पडण्यासारखा आहे. कोठेंच पोंचावयाचें नसेल तर निघावयाचें तरी कशाला? या महिन्यांत याच प्रश्नाचा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

या प्रवासाचें माहेरघर म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउदॅम्प्टन बंदर. १९१२ च्या एप्रिलच्या १० तारखेस 'टायटॅनिक' जहाज येथूनच निघालें, म्हणून त्याचें नांव आमच्या वाचकांच्या कानांवर असेलच. लंडनहून आगगाडीनें तेथें सव्वा-दीड तासांत जातां येतें. येथून सुटणाऱ्या लहान सफरी आठवडाभराच्या असतात; त्या नॉर्वेच्या डोंगरांत खोल घुसलेल्या खाड्या दाखवून माणसास परत आणतात. दोन आठवड्यांची सवड असेल तर मदीरा व कॅनरी बेटें, पांच आठवड्यांची असेल तर अटलांटिक ओलांडून वेस्ट इंडीज, आणि जानेवारींत निघून एप्रिलच्या सुमारास परतणारी विश्वप्रदक्षिणा तर या सर्वांची महाराणीच. त्या प्रदक्षिणेंत पनामाचा कालवा लागला म्हणजे जहाज पाण्याच्या पायऱ्या चढून समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंचीच्या सरोवरांत जातें, आणि पलीकडे तशाच पायऱ्या उतरून प्रशांत महासागरांत शिरतें. सुवेझचा मार्ग मात्र नेहमींच मिळेल असें नाहीं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले होऊं लागल्यामुळें कित्येक सफरींना सबंध आफ्रिका खंडास वळसा घालावा लागला.

हा शौक आजचा नव्हे. १८४४ सालीं पी अँड ओ कंपनीनें थॅकरे या इंग्रज कादंबरीकारास भूमध्य समुद्राची सफर फुकट घडविली, व त्यानें त्यावर पुस्तक लिहून कंपनीचें ऋण फेडलें. १८९१ च्या जानेवारींत हँबुर्गच्या एका कंपनीनें 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' नांवाची आपली मोठी बोट भूमध्य समुद्रांत केवळ सहलीसाठीं धाडली. कारण अगदींच दुकानदारी होतें. हिवाळ्यांत अटलांटिकवर उतारू मिळत नसत, आणि रिकामी बोट बंदरांत बांधून ठेवणें म्हणजे बैल दावणीला बांधून वैरण घालीत बसण्यासारखेंच. पुढें १९२२ च्या नोव्हेंबरांत 'लॅकोनिया' ही बोट न्यूयॉर्कहून निघून पृथ्वीस प्रदक्षिणा घालून १९२३ च्या मार्चअखेर तेथेंच परतली. त्या काळीं बोट हें मुख्यतः वाहन होतें. सहल हा तिचा जोडधंदा होता. १९५८ सालीं अटलांटिकवरून जेट विमानें उडूं लागलीं, आणि पाहतां पाहतां वाहन म्हणून बोटीचें काम संपलें. उरला तो जोडधंदा. आज तोच मुख्य धंदा होऊन बसला आहे.

आतां यांतील गोडी कशांत आहे तें पाहूं. पहिली गोष्ट शरीराची. विमान मनुष्याचें शरीर लंडनांत नेऊन टाकतें, परंतु त्याची झोंप व भूक हीं मुंबईसच राहतात; तीं मागाहून चार-पांच दिवसांनीं येऊन पोंचतात. बोटीचें तसें नाहीं. साउदॅम्प्टन व न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत पांच तासांचा फरक आहे. 'क्वीन मेरी २' ही बोट तें अंतर सात रात्रींत काटते, व वाटेनें घड्याळाचा कांटा एका वेळीं एकच तास सरकविते. पंधरा रेखांशांस एक तास, हें आम्हीं वर्गांत फळ्यावर पुष्कळदां लिहिलें. परंतु तें अंगावर घेऊन जगण्याची सोय बोटीवरच आहे.

याच संदर्भांत एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पश्चिमेकडे जाणारी बोट प्रशांत महासागरांतील वाररेषा ओलांडते तेव्हां सोमवारीं रात्रीं निजलेला उतारू बुधवारीं जागा होऊं शकतो. मधला मंगळवार त्याच्या आयुष्यांतून नाहींसा होतो. मंगळवारचा उपास धरणाऱ्या भगिनीनें मग काय करावें? तिथीची अशी अडचण नाहीं. तिथि ही सूर्य व चंद्र यांच्यामधील बारा-बारा अंशांच्या अंतरावरून ठरते, व तिचा आरंभ साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणीं होतो. एकादशी समुद्रांत बुडत नाहीं. बुडतो तो वार. त्याचा उपास बुधवारीं करावा. देव तारखेची इतकी काटेकोर वही ठेवीत असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरी गोष्ट सामानाची व दगदगीची. ज्या बंदरांत चढावयाचें तेथेंच उतरावयाचें असल्यामुळें पेटी एकदांच उघडावयाची व एकदांच बांधावयाची. तेवीस किलोंचा धाक नाहीं, रांगा नाहींत, दर मुक्कामास नवें हॉटेल नाहीं. ज्यांच्या पायांत बळ नाहीं, ज्यांचे कान विमान उतरतांना ठणकतात, किंवा ज्यांना आकाशांत बसल्याबरोबर दरदरून घाम फुटतो, अशांस परदेश पाहण्याचा हा एक मार्ग उरतो. तिसरी गोष्ट मधल्या दिवसांची. बंदराबंदरांमध्यें चार-पांच दिवस नुसतें पाणीच दिसतें. वाचनालय असतें, व्याख्यानें असतात, आणि कांहींच न करण्याची मोकळीक असते. जाणते उतारू बंदरांपेक्षां या दिवसांचीच वाट पाहतात.

आमच्या समाजांत समुद्रोल्लंघनाची जी भीति होती ती आज कोणास उरलेली नाहीं; तरीही शास्त्रकारांचें एक वैशिष्ट्य ध्यानांत घेण्यासारखें आहे. मनुस्मृतींत श्राद्धास न बोलाविण्याच्या ब्राह्मणांत समुद्रप्रवासी गणला आहे. आणि त्याच स्मृतींत व्याजाचा दर ठरवितांना समुद्रयानांत कुशल असलेल्यांचा शब्द प्रमाण मानावा असें सांगितलें आहे. पंक्तीस नको, पण पेढीवर हवा! घरांतील नवीन कल्पनांविषयीं आमचें धोरण अद्याप बहुधा असेंच असतें.

हें सारें सांगण्यास निमित्त झालें आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील मुलगी इंग्लंडांत नोकरीस आहे. आईवडील उन्हाळ्यांत तिच्याकडे जाणार आहेत. तीन वर्षें पैसे साठवून तिनें त्यांना साउदॅम्प्टनहून भूमध्य समुद्राची दोन आठवड्यांची सफर घडविण्याचें ठरविलें. आईच्या कानाच्या पडद्याला दुखापत आहे. मागील वेळीं विमान उतरतांना तिनें तोंडांत पदर धरून कळा सोसल्या, तेव्हां लंडनहून पुन्हा विमानानें रोम-अथेन्स करणें नको, हा मुलीचा हेतु. वडिलांनीं साफ नकार दिला. "एवढ्या पैशांत चारी धाम होतील. शिवाय पाण्यावर पंधरा दिवस बसून करावयाचें काय?" आई कांहीं बोलली नाहीं. रात्रीं मुलीला फोनवर एवढेंच म्हणाली, "ह्यांचं खरंच आहे गं. पण बेचाळीस वर्षांत सकाळीं उठून दूध तापवावं लागलं नाहीं, असा एक आठवडा मला आठवत नाहीं." त्यावर मुलीनें वडिलांस कळविलें, "बाबा, तुम्हांला नको असेल तर राहूं द्या; आईला घेऊन मी जातें." तेव्हांपासून बापलेकींचें बोलणें बंद आहे, आणि दोघांनींही आमचें मत विचारलें आहे.

मत देण्यापूर्वीं दुसरी बाजू मांडणें आमचें कर्तव्य आहे. ही चैन स्वस्त नव्हे. भाडें एका केबिनमध्यें दोन माणसें धरून ठरलेलें असतें. एकट्याला पुष्कळदां जवळ जवळ दुप्पट द्यावें लागतें. बोटीवर डॉक्टर असतो, परंतु त्याचें बिल जबर असतें. म्हणून चांगला विमा उतरविल्यावांचून धक्क्यावर पाऊल ठेवूं नये. साउदॅम्प्टनहून दक्षिणेस जातांना बिस्केचा उपसागर ओलांडावा लागतो, व तो हिवाळ्यांत विशेष खवळतो. बोटीच्या दोन्ही कुशींतून बाहेर निघणारे पंख तिचें डोलणें पुष्कळ कमी करतात, तरी सुंठ व डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्या जवळ असलेल्या बऱ्या. हजारों माणसें एका छपराखालीं राहिलीं म्हणजे सांथ पसरण्यास वेळ लागत नाहीं. २०२० च्या फेब्रुवारींत योकोहामा बंदरांत अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस' बोटीवरील ३७११ माणसांपैकीं सातशेंहून अधिकांना कोरोनाची बाधा झाली होती.

विमान टाळलें म्हणजे हवा स्वच्छ ठेवली, अशीही समजूत कोणीं करून घेऊं नये. या बोटी म्हणजे तरंगतीं शहरें असून तीं रात्रंदिवस तेल जाळतात, आणि माणशीं हिशेब केला तर त्यांचा धूर पुष्कळदां विमानाहून अधिक भरतो. १ जानेवारी २०२० पासून जहाजी तेलांतील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली, ही गोष्ट चांगली. परंतु तेवढ्यानें पुण्य पदरांत पडत नाहीं. आणि आणखी एक. ज्या हातांनीं आपणांस आयतें ताट मिळतें ते हात पुष्कळदां आपल्याच गोव्याचे असतात. इंग्रजी बोटींवर गोमंतकीय आचारी व वाढपी पिढ्यान् पिढ्या काम करीत आले. मुंबईस धोबीतलावाच्या आसपास त्यांच्या गांवांचे क्लब याच कारणानें उभे राहिले. ते सहा-सहा, आठ-आठ महिने मुलांबाळांपासून दूर असतात. आपली विश्रांति दुसऱ्याच्या ताटातुटीवर उभी आहे, याची जाणीव ठेवून त्यांच्याशीं गोड बोलावें, एवढें तर कोणासही करतां येईल.

महाराष्ट्रांत राहणाऱ्यांस एक अडचण आणखी आहे. मुंबई-इंग्लंड अशी नियमित उतारू बोट आतां नाहीं. तेव्हां विमान टाळणारी ही सफर गांठण्यासाठींच आधीं विमानांत बसावें लागतें. मुंबईहून निघून मुंबईसच परतणाऱ्या सफरी २०२१ पासून गोवा व लक्षद्वीप या बाजूस होऊं लागल्या आहेत. परंतु त्या चार-दोन दिवसांच्या. कोंकणांतील घरांत बोट म्हटली कीं वडीलधाऱ्या माणसांस १७ जुलै १९४७ रोजीं रेवसच्या वाटेवर बुडालेली 'रामदास' आठवते. सहाशेंहून अधिक माणसें त्या दिवशीं गेलीं. ती भीति हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. ज्यांच्या मनांत ती आहे त्यांनीं प्रथम या लहान सफरीनें मन अजमावून पाहावें.

आतां आमचें मत. त्या गृहस्थांनीं जावें, आणि पत्नीसह जावें. चार धाम हे पुण्याचे आहेत यांत शंका नाहीं. परंतु बद्रीनाथाच्या धर्मशाळेंतही चहा कोण करतें, हें त्यांनीं एकदां आठवून पाहावें. मुलीला आमचें सांगणें असें कीं, आईला एकटीच घेऊन जाण्याची भाषा तिनें सोडावी; तिच्या आईला विश्रांति हवी आहे, बापलेकींचें भांडण नको आहे. तिकिटाबरोबरच आणखी कांहीं गोष्टी तिनें पाहाव्या: कानाच्या डॉक्टरांचा सल्ला, युरोपांत उतरण्याचा व्हिसा, इंग्लंडांत पुन्हा प्रवेश मिळेल अशी परवानगी, विमा, आणि शाकाहाराची आगाऊ सूचना. केबिन बोटीच्या मध्यभागीं व खालच्या मजल्यावर घ्यावी. तेथें डोलणें कमी जाणवतें.

पंधरा दिवस पाण्यावर बसून काय करावयाचें, असें त्यांनीं विचारलें आहे. पहिल्या सकाळीं पत्नी संवयीनें पांचास उठेल. तेव्हां, "अजून वेळ आहे, निजून राहा," असें त्यांनीं म्हणावें. बेचाळीस वर्षांत हें म्हणण्याचें राहून गेलें असेल, तर तेवढें एक कामही पंधरा दिवसांस पुरेसें आहे.