इमॅजिकाची राइड ते सुखोई : सिम्युलेटर मेंदूला कसं फसवतो आणि कुठे कमी पडतो?

खोपोलीच्या शिळफाट्यावरून पालीच्या दिशेने निघालं की थोड्या अंतरावर इमॅजिका लागतं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या थीम पार्कमधली 'आय फॉर इंडिया' ही राइड तुमच्यापैकी अनेकांनी केली असेल. समोर प्रचंड पडदा, हलणाऱ्या खुर्च्या आणि आपण हेलिकॉप्टरमधून भारत बघतोय असा भास. खुर्ची मात्र इमारतीबाहेर जात नाही.

विमानांचे वैमानिकही अशाच भासावर शिकतात. मग फरक काय? आणि तो प्रवाशांसाठी का महत्त्वाचा आहे?

हा भास होतो कसा?

आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. शरीर मागे कललंय की वेगाने पुढे ढकललं जातंय, हे तिला एकटीला नीट ओळखता येत नाही. ते ठरवायला मेंदू डोळ्यांची मदत घेतो. त्यामुळे खुर्ची हळूच मागे कलवली आणि पडद्यावर जमीन वेगाने मागे सरकताना दाखवली, की मेंदू म्हणतो, 'वेग वाढला!'

मग वैमानिकांचा सिम्युलेटर वेगळा कसा?

युक्ती तीच. पण राइडमध्ये चित्र आधीच ठरलेलं असतं. वैमानिकांच्या 'फुल फ्लाइट सिम्युलेटर'मध्ये खरं वाटावं असं कॉकपिट सहा हायड्रॉलिक किंवा इलेक्ट्रिक पायांवर उभं असतं आणि वैमानिकाने जे केलं त्यानुसार ते हलतं. इंजिन बंद पडणं, आडवा वारा, ओली धावपट्टी अशा जीवघेण्या प्रसंगांचा सराव इथे जीव धोक्यात न घालता होतो. या सिम्युलेटरचे ए ते डी असे दर्जे असतात. 'डी' सर्वांत वरचा.

दर्जा चुकला तर?

काही विमानतळ अवघड मानले जातात. उदाहरणार्थ कोळिकोड, लेह आणि काठमांडू. तिथे उतरण्यासाठी वैमानिकांना खास प्रशिक्षण लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये 'डीजीसीए'ने इंडिगोला कारणे दाखवा नोटीस दिली. सुमारे १,७०० वैमानिकांना या प्रशिक्षणासाठी पात्र नसलेल्या सिम्युलेटरवर शिकवलं, असा आक्षेप होता.

हा केवळ कागदी मुद्दा नाही. कोळिकोडची धावपट्टी डोंगरमाथ्यावर आहे. ७ ऑगस्ट २०२० ला भर पावसात तिथे एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टीवर खूप पुढे टेकलं आणि टोकावरून खाली कोसळलं. २१ जणांचा मृत्यू झाला. त्यात हवाई दलातून निवृत्त झालेले मराठी वैमानिक दीपक साठेही होते. ठरलेली कार्यपद्धती न पाळणं, हे चौकशी अहवालाने संभाव्य कारण मानलं. अशा धावपट्टीवर 'आता उतरायचं नाही, परत वर जायचं' हा निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागतो. तो अंगवळणी पडण्याची जागा म्हणजे सिम्युलेटर.

सगळं सिम्युलेटरवरच का शिकवत नाहीत?

कारण खुर्ची कितीही कलवली तरी लढाऊ विमानाच्या वळणात शरीरावर सतत येणारा अनेक पट भार ती देऊ शकत नाही. शिवाय परक्या आकाशात, परक्या भाषेच्या लहेजात, डझनभर देशांच्या विमानांबरोबर उडताना येणारा गोंधळ पडद्यावर पूर्ण उतरत नाही.

म्हणूनच भारतीय हवाई दलाने सुखोई-३० एमकेआय विमानं थेट ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला 'पिच ब्लॅक' या सरावासाठी नेली. २०१८, २०२२ आणि २०२४ अशी तीन वेळा. २०१८ मध्ये तर ऑस्ट्रेलियाच्या केसी-३०ए टँकरमधून हवेतच इंधनही घेतलं. ही सुखोई विमानं नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात तयार होतात आणि पुण्याच्या लोहगाव तळावरूनही उडतात.

थोडक्यात काय?

राइडमध्ये भास थोडा कमी पडला तर फक्त मजा कमी होते. प्रशिक्षणात तो कमी पडला तर धोका प्रवाशांना असतो. म्हणून वैमानिक किती तास सिम्युलेटरवर बसला, यासोबत तो कोणत्या सिम्युलेटरवर बसला, हेही विचारायला हवं.