एक भिक्षुक सुटेना, चार नवे बसले

आमच्या मराठवाड्यातील कुणब्याच्या घरी लग्न निघाले की पूर्वी एकच माणूस पंचांग काखेत मारून दारात येत असे. तो मुहूर्त सांगे, दक्षिणा मागे, शिधा बांधून घेई आणि चालता होई. त्याच्या तावडीतून शेतकऱ्याची मान सोडवावी म्हणून जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला भटाविना व थोडक्या खर्चात पहिले सत्यशोधक लग्न लावून दाखविले. त्याला दीडशेवर वर्षे झाली. आता नांदेड-लातूरकडच्या लग्नसराईत जाऊन पाहा. पंचांगवाला आहे तो आहेच. पण त्याच्या पंगतीला आणखी चार जण पाट मांडून बसले आहेत. एक डीजेवाला, दुसरा क्यामेरेवाला, तिसरा फ्लेक्सवाला आणि चौथा पुढारी. पहिल्याचे समाधान शिध्यावर होत असे. ह्या चौघांची दक्षिणा एकरांनी मोजावी लागते.

पोटासाठी धंदा करणाऱ्या गरिबावर आमचा राग नाही. डीजेची गाडी हाकणारा पोरगाही आमच्यातलाच. राग आहे तो कर्ज काढून त्याला बोलावणाऱ्या यजमानावर, आणि ते पाहून माना डोलावणाऱ्या आपणा सर्व पाहुण्यांवर.

प्रथम मुहूर्ताचीच मौज पाहा. पत्रिकेवर वेळ छापतात ती मिनिटासकट. दुपारी 12 वाजून 35 मिनिटे! साडेबारा चालत नाही, पाऊणही चालत नाही. तेवढे एक मिनिट काय ते शुभ. त्या मिनिटासाठी चांगली तारीख सोडून गैरसोयीची धरतात, आणि एकाच दिवशी सात ठिकाणची आमंत्रणे आल्याने पाहुण्यांची त्रेधा उडते. आणि अक्षता पडतात केव्हा? नवरदेवाचा परण्या मारुतीच्या पारापासून निघाला की डीजेच्या गाडीमागे दोन तास तसूभर हलत नाही. वैशाखाचे ऊन, पारा चाळिशीच्या वर, मांडवात म्हाताऱ्या माणसांचा घसा कोरडा, लेकरे रडून रडून झोपलेली. तीन वाजता कोठे अंतरपाट धरला जातो. आमचे विचारणे इतकेच की, बारा पस्तीसचे मिनिट खरे असते तर तीन वाजता लागलेला संसार बुडायला हवा होता. तो बुडत नाही, सुखाने चालतो. म्हणजे मुहूर्त खोटा, हे डीजेने भर चौकात सिद्ध केले! पण आमचा यजमान असा वस्ताद की, तो मुहूर्त सांगणाऱ्यालाही पैसे देतो आणि मुहूर्त मोडणाऱ्यालाही देतो.

आता त्या आवाजाकडे वळू. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णा वाजवावयाचा नाही, आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता राखावयाची. काही मोजक्या दिवसांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार सरकारला आहे. पण प्रत्येक लग्नाला तो लागू नाही. शिवाय डेसिबलाचा हिशेब गुळाच्या ढेपेसारखा सरळ नसतो. दर दहा डेसिबलामागे आवाजाची ताकद दसपट होते. मर्यादा 55 ची असताना कोणी 105 वर वाजविले, तर ते दुप्पट झाले असे समजू नका. ते एक लाख पट झाले. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. पीक जळाले तर पुढल्या मृगात पेरता येते; कान जळाला तर पेरता येत नाही.

आणि हा आवाज कोणाच्या कानात जातो? लातूर पॅटर्नचा डंका आपण राज्यभर पिटतो. लातूरच्या शिकवणीच्या वस्तीत आसपासच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची हजारो पोरे पत्र्याच्या आणि सिमेंटाच्या खोल्यांत राहून अभ्यास करतात. कोणाच्या बापाने बैलजोडी विकली, कोणाच्या आईने डोरले गहाण टाकले. डॉक्टरीच्या प्रवेशाची नीट परीक्षा अलीकडे मे महिन्याच्या पहिल्या रविवारी येते, म्हणजे ऐन लग्नसराईत. पोरगा आत पुस्तक उघडून बसलेला असतो, आणि बाहेर त्याच्याच चुलत्याच्या वयाचे गृहस्थ डीजेच्या भिंतीपुढे रुमाल फिरवीत असतात. खिडकीची काच थरथरते, छातीत धडधड होते, वाचलेली ओळ डोक्यात राहत नाही. आम्हांस विद्येपासून दूर ठेवणारे पूर्वी दुसरे होते, असे आपण सभेत मोठ्याने सांगतो. आज आपल्याच पोराच्या पुस्तकावर धोंडा घालणारा कोण आहे, हेही एकदा सभेत सांगावे.

कोणी म्हणेल, अहो, हौसेला मोल नसते. मोल असते, आणि ते मोजता येते. 2024-25 च्या हंगामात सरकारने सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये ठरविला होता, आणि त्या हंगामात बाजारात तेवढाही भाव मिळेना म्हणून शेतकरी रडत होता. तरी आपण हमीभावच धरू. एकरी आठ क्विंटल निघाले, हेही चांगले पीक धरू. झाले 39,136 रुपये. त्यातून बी, खत, फवारणी, काढणी, मळणी आणि गाडीभाडे अजून वजा करावयाचे आहे. आता कोणी डीजेचे पन्नास हजार ठरविले, तर दहा क्विंटलांहून अधिक सोयाबीन एका संध्याकाळी हवेत उडाले. सव्वा एकराची चार महिन्यांची मशागत, रात्रीची राखण, पावसाची धास्ती, सारे तीन तासांत फुंकले. आणि पाहुण्यांच्या पदरात काय पडले, तर कानात दोन दिवस शिटी! बाजारात क्विंटलमागे पन्नास रुपये कमी मिळाले तर आपण अडत्याशी हमरीतुमरीवर येतो. हमरीतुमरीवर यावेच. पण तेच भांडण घरात स्वतःशी का करू नये?

दुसरा भिक्षुक क्यामेऱ्याचा. लग्नाआधी वधूवरांस किल्ल्यावर, तळ्यावर, भाड्याच्या मोटारीपुढे आणि भाड्याच्या झग्यात उभे करून तो चित्रे काढतो. त्याला प्री-वेडिंग म्हणतात. मुलामुलीने लग्नापूर्वी भेटावे, बोलावे, एकमेकांस पारखावे, हे आम्हांस पुरते मान्य आहे. सत्यशोधक पद्धतीत तर वधूवरांनी मंडपात एकमेकांस वचन देण्याचीच रीत आहे. पण ही भेट नव्हे, हे सोंग आहे. इकडे पळा, तिकडे हसा, पदर उडू द्या, असे क्यामेरेवाला सांगतो आणि दोघे तसे करतात. लग्नानंतर मुलीला पुढे शिकू देणार काय, तिच्या पगारावर हक्क कोणाचा, घरावर कर्ज किती, दारू कोण पितो, हे प्रश्न त्या चित्रात कोठेच येत नाहीत. मग लग्नाच्या दिवशी हेच चार-पाच क्यामेरेवाले मांडवात वधूवरांभोवती कडे करून उभे राहतात. तीस कोस चालून आलेल्या आत्याला भाचीचे तोंड दिसत नाही. दिसते ती क्यामेरेवाल्याची पाठ. नवरीने सप्तपदी पुन्हा एकदा चालून दाखवावी, असे फर्मानही आम्ही ऐकले आहे. धर्मविधीची एवढी थट्टा कोणा नास्तिकालाही साधली नसती!

तिसरा फ्लेक्सवाला. लग्न, बारसे, वाढदिवस, ग्रामपंचायतीची निवडणूक, काहीही असो. चौकात वीस फुटी फलक चढतो. वर मोठ्या पुढाऱ्याचा चेहरा, मधे काळ्या चष्म्याचा उत्सवमूर्ती आणि खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात 1995 सालचा कायदा आहे, पण तो फलकाच्या मागे झाकला गेला आहे. त्यातूनच तलवारीने केक कापण्याचे शौर्य निघाले. आजोबांच्या विळ्याला घरात गंज चढला, आणि नातू भाड्याच्या तलवारीने केक कापून पोलीस ठाण्यात शस्त्राच्या कलमाखाली नाव लावून येतो. कामधंदा नसलेल्या पोराचा फोटो चौकात लावून त्याला काम मिळत नसते. फुकट मिळतात ते त्याच्यामागे धावणारे चार टवाळ, आणि निवडणुकीत त्या पाचांना वापरणारा एक धनी.

तो धनी म्हणजेच चौथा भिक्षुक. पूर्वी मुहूर्त ग्रहांवर अवलंबून असे. आता पुढाऱ्याच्या मोटारीवर असतो. साहेब औशाहून निघाले, साहेब अहमदपुरात पोचले, असे कर्ण्यावरून सांगत वऱ्हाडाला ताटकळत ठेवावयाचे. साहेब आले की फेटा, शाल, नारळ. त्यांच्याबरोबरच्या बारा जणांनाही टॉवेल-टोपी. एकाचे नाव राहिले तर रुसवा. नवरीचा बाप हात जोडून उभा, आणि बोहल्यावर भाषण कसले? तर साहेबांनी तालुक्यात केलेल्या विकासाचे! एप्रिल 2016 मध्ये लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 12 एप्रिलला पहिल्या खेपेत पाच लाख लिटर आले. तेव्हा पाण्याचा प्रश्न विचारावयाचा असतो तो ह्याच साहेबांना. पण ज्याच्या डोक्यावर आपण काल फेटा बांधला, त्याला आज जाब कोणत्या तोंडाने विचारणार?

गावच्या पारावर ह्या साऱ्याची दोनच कारणे ऐकू येतात. पहिले, “काय करावं की, पोरगं ऐकंना!” आणि दुसरे, “आपलं कमी दिसलं तर सोयरे काय म्हणतील?” पहिल्याला उत्तर असे की, पोराने पोटापुरते कमवून स्वतःच्या पैशाने कायद्यात बसेल तेवढे वाजवावे, बापाच्या सातबाऱ्यावर वाजवू नये. दुसऱ्याला उत्तर देणे जड जाते, कारण त्यात रक्त सांडले आहे. 2017 साली लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या तरुण मुलीने, नापिकीने खचलेल्या बापाला आपल्या लग्नाचा खर्च आणि हुंडा झेपणार नाही, असे लिहून ठेवून जीव दिला. हुंडाबंदीचा कायदा 1961 सालचा. त्या मुलीच्या जन्माच्या कितीतरी आधी तो झालेला होता. मग तिच्या बापाच्या छातीवर ओझे ठेवले कोणी? एकट्या हुंडा मागणाऱ्याने नव्हे. गावात झालेल्या प्रत्येक थाटाच्या लग्नाने त्या ओझ्यात एक एक वीट घातली. “अमक्याने असे केले, तू काय करणार?” हा प्रश्न आपण सर्वांनी मिळून तयार केला आहे. सोयरे काय म्हणतील, ह्या भयातील सोयरे म्हणजे तुम्ही आणि आम्हीच.

2025 साली हुंड्याच्या छळाची चर्चा राज्यभर पेटली, तेव्हा मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाची आचारसंहिता निघाली. डीजे नको, प्री-वेडिंग नको, वऱ्हाड मोजके असावे. ठराव उत्तम आहे. पण नुसत्या ठरावाने भाकरी भाजत नाही. फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून कुणब्याचे दैन्य मांडले, त्याआधी दहा वर्षे त्यांनी लग्न लावून दाखविले होते. आधी करणी, मग लेखणी. म्हणून ज्याच्या घरी ऐपत आहे त्यानेच पहिले साधे लग्न करावे. गरिबाने साधे केले तर लोक म्हणतात ऐपत नव्हती. पाटलाने, सरपंचाने, मास्तराने, डॉक्टराने साधे केले तर त्याला रीत म्हणतात.

कोणी विचारील की मग वाजवूच नये काय? वाजवावे. हलगी आहे, सनई आहे, संबळ आहे. ती वाजविण्याची वेठ एका जातीच्या गळ्यात बांधली होती, ती तुटली हे फार चांगले झाले आणि पुन्हा बांधली जाता कामा नये. पण ज्याच्या हातात ती कला आहे त्याला, मग तो कोणत्याही जातीचा असो, मानाने बोलवावे, रोख मोल द्यावे आणि आपल्या पंक्तीला जेवावयास बसवावे. डीजेच्या भाड्याच्या थोड्या हिश्शात चार घरे जगतील, आणि कोणाचा कान फुटणार नाही.

सकाळी दहाला, ऊन चढण्याआधी लग्न लावावे. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने महिन्याची नोटीस देऊन नोंदणी लग्नही होते. त्याला ना पंचांग लागते, ना मांडव. वाचलेला पैसा मुलीच्या नावे ठेवावा, सासऱ्याच्या नावे नव्हे.

आणि पाहुणेहो, शेवटचे तुमच्याकडे. यजमान तुमच्यासाठी नाचतो. तुम्ही पाहता म्हणून खर्चतो. पत्रिकेवरची वेळ टळून अर्धा तास झाला, डीजे थांबेना, साहेब येईनात, की वधूवरांना आशीर्वाद देऊन, यजमानाला कारण तोंडावर सांगून, जेवण न करता सरळ उठावे आणि गावची वाट धरावी. रिकाम्या मांडवापुढे डीजे फार वेळ वाजत नाही.