वाटेवरचा सोबती

ईस्टरचा सण आला की प्रभूच्या पुनरुत्थानाची गीते मंदिरामंदिरांतून निनादू लागतात. ते योग्यच आहे. परंतु त्याच दिवसाच्या उतरत्या प्रहराची एक कथा आहे. तिच्याकडे आमचे लक्ष जावे तितके जात नाही.

लूककृत शुभवर्तमान सांगते की, दोन शिष्य यरुशलेमेहून अम्माऊस गावाकडे पायी निघाले होते. एकाचे नाव क्लयपा; दुसऱ्याचे नाव ग्रंथाने दिलेले नाही. आशा मावळली होती. तरी दोघे परस्परांशी बोलत चालले होते. तोच एक वाटसरू त्यांना येऊन मिळाला. त्याने शास्त्राचा उलगडा केला, पण त्यांना ओळख पटली नाही. दिवस कलला तेव्हा त्यांनी त्यास आग्रहाने ठेवून घेतले, आणि त्याने भाकर मोडताच त्यांचे डोळे उघडले.

आम्हांस वाटते, या सणाचे मर्म त्या आग्रहात आहे. त्यांनी वाटसरूला वाटेवरच निरोप दिला असता, तर प्रभू भेटूनही अनोळखीच राहिला असता.

अध्यात्म एकांतात साधावे, असे कोणी म्हणेल. एकांताचे मोल आम्ही नाकारीत नाही. परंतु पंढरीचा वारकरीही दिंडीतूनच चालतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. सोबत आधी आली, श्रद्धा मागाहून. १९१७ साली टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला, त्यातही बाप्तिस्मा न घेतलेल्यांना स्थान होते.

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत गावोगावचे कामकरी पोटासाठी येतात. शेजारचे उल्हासनगर तर फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतूनच उभे राहिले. अशा मुलखात ज्या ख्रिस्ती बांधवाचे घरदार दूर गावी आहे, तो सणाची उपासना आटोपून एकटाच खोलीवर परततो. कोणाच्या घरी यंदाच मृत्यू झालेला असतो, कोणाची नोकरी नुकतीच गेलेली असते. त्यास उपदेश नको असतो. शेजारी बसून ऐकणारे माणूस हवे असते.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने यंदा असा एक तरी बांधव जेवावयास घरी आणावा, अशी आमची विनंती आहे. ख्रिस्ती नसलेला शेजारीही त्या पंक्तीत असावा. अम्माऊसचे ते दोघे ओळख पटताच त्याच घटकेस उठले आणि रात्रीच्या वाटेने यरुशलेमेस, आपल्या सोबत्यांकडे, परतले. मिळालेला आधार त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. आम्हीही ठेवू नये.